बाटलीतला रस थांबून राहत नाही: ऊस-गुळावर प्रकल्प घेणाऱ्यांसाठी

ब्रिक्स (रसात शेकडा किती घन पदार्थ विरघळलेत त्याचा आकडा) २० आला, म्हणजे रस उत्तम. उसाचा रस, गूळ किंवा काकवीवर प्रकल्प घेणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हे वहीत लिहितो. सहा महिन्यांनी आकडे एकमेकांशी बोलेनासे होतात, तेव्हा दोष मशिनवर जातो. मशिन बहुतेक वेळा निर्दोष असतं.

ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर तुम्हाला येतोच. डिस्टिल्ड वॉटरने शून्य करा, रस मलमलीतून गाळा, फेस बसू द्या. उपकरणात आपोआप तापमान-दुरुस्ती नसेल तर ३० अंशांच्या खोलीत उसाच्या रसाच्या आकड्यात साधारण पाऊण ब्रिक्स मिळवावा लागतो. एवढंच.

आता फसगत कुठे होते ते सविस्तर सांगतो, कारण ही एकच गोष्ट वर्ष खाऊन टाकते. ब्रिक्स विरघळलेल्या घन पदार्थांचा एकूण आकडा देतो. त्यात सुक्रोज किती आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज किती, हे तो सांगत नाही. गाळलेल्या रसात उसातलं आणि यीस्टचं इन्व्हर्टेज, म्हणजे सुक्रोज फोडणारं विकर, काम करतच राहतं. सुक्रोज फुटतं, त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. समजा, रसात सुक्रोज १७ टक्के, रिड्युसिंग शुगर (ग्लुकोज-फ्रुक्टोज मिळून) ०.६ टक्के, ब्रिक्स २०. रसवंतीपासून प्रयोगशाळेत येईपर्यंत त्यातलं २ टक्के सुक्रोज फुटलं. सुक्रोज उरलं १५. फुटताना पाण्याचा रेणू जोडला जातो, म्हणून २ चे २.१ होतात आणि रिड्युसिंग शुगर २.७ वर जाते. ब्रिक्स? २०.१ च्या आसपास. रिड्युसिंग शुगर चौपटीहून जास्त झाली आणि ब्रिक्सने डोळाही उघडला नाही. मग प्रबंधात ‘या जातीत रिड्युसिंग शुगर जास्त आढळली’ असं वाक्य येतं. ती जातीची नसते, तुमच्या उशिराची असते.

द्रावणातून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजणारा पोलॅरिमीटर ही फूट दाखवतो, कारण सुक्रोजचं विशिष्ट वलन +६६.५ आणि फुटलेल्या साखरेचं साधारण –२०. पण रस शिळा होऊन त्यात ल्युकोनोस्टॉक हा जिवाणू वाढला, तर तो डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतो. डेक्स्ट्रानचं वलन सुक्रोजच्या जवळपास तिप्पट आणि त्याच दिशेने, म्हणजे खराब रस पोलॅरिमीटरवर उलट बरा दिसतो. रस बोटाला तारेसारखा लागला तर तो नमुना फेकाच.

उपाय कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. चरकातून रस पडल्याची वेळ बाटलीवर लिहा. एक लिटरची बाटली भरून बर्फात ठेवू नका. मधला रस तासभर कोमटच राहतो. ५०-५० मिलीच्या भागांत, बर्फ आणि पाणी दोन्ही असलेल्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी उणे २० ला टाका. जागेवरच पीएच घ्या. ताजा रस सहसा ५ ते ५.५ मध्ये असतो. प्रयोगशाळेत तो अर्ध्या अंकाने (०.५) खाली आला असेल तर पुढची टायट्रेशन करण्यात अर्थ नाही. लिंबू-आलं घातलेला रस वेगळा नमुना समजा, आम्लामुळे फूट आणखी वेग घेते.

ऊस तोडल्याची तारीखही विचारा. तोडलेल्या उसातही हीच फूट चालू असते, म्हणून २४ तासांत गाळणं बरं. आणि शेंडा किती छाटलाय ते बघा. वरच्या कोवळ्या कांड्यांत रिड्युसिंग शुगर जास्त असते. को ८६०३२ आणि फुले २६५ या उसाच्या जातींची तुलना करताना एकाचा शेंडा ठेवला आणि दुसऱ्याचा छाटला, तर तुलना शेंड्यांची झाली.

लेन-आयनॉनमध्ये, म्हणजे रिड्युसिंग शुगर मोजायच्या टायट्रेशनमध्ये, नवखे डायल्युशनवर (रस किती पातळ करायचा यावर) पडतात. १० मिली मिश्र फेहलिंग द्रावणाला रसाचा ब्युरेट १५ ते ५० मिलीच्या मध्ये थांबला पाहिजे. रिड्युसिंग शुगरसाठी वरच्या उदाहरणातला ताजा रस तिप्पट पातळ केला की २५ च्या आसपास येतो. एकूण साखरेसाठी तोच शंभरपट लागतो. दोन्हीला एकच डायल्युशन चालत नाही. एकूण साखरेसाठी सुक्रोज आधी आम्लाने फोडावं लागतं; या हायड्रोलिसिसला ५० मिली द्रावणात १:१ हायड्रोक्लोरिक ॲसिड १० मिली, २५ अंशांच्या वर १० तास. घाईने उकळलंत तर फ्रुक्टोज जळतं. मग अल्कली घालून उदासीन करा. उकळी मोडू न देता तीन मिनिटांत टायट्रेशन संपवा; थांबलात तर हवेने मिथिलिन ब्लू या दर्शकाचा निळा परत येतो. एकूण साखरेतून रिड्युसिंग वजा, गुणिले ०.९५, म्हणजे सुक्रोज. सीनियरची एक्सेल शीट मात्र घेऊ नका. तिच्यात त्यांचा डायल्युशन फॅक्टर कुठल्या तरी सेलमध्ये दडलेला असतो. कागदावर एकदा हाताने करा, अर्धा तास लागतो.

गुळाचा ओलावा १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये काढू नका. पुस्तकात असला तरी, गाईडने सांगितला तरी. त्या तापमानाला फ्रुक्टोजच मोडतं आणि वजन घटतच राहतं, स्थिर येत नाही. व्हॅक्यूम ओव्हन, ७० अंशांपर्यंत, गूळ धुतलेल्या वाळूत पसरून. नमुना ढेपेच्या आतला घ्या. बाहेरचा थर पावसाळ्यात पाणी ओढून बसलेला असतो. रंग मोजायचा असेल तर हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) मारलेला आहे का ते आधी तपासा. तसा गूळ पहिल्या दिवशी पिवळाधमक असतो आणि साठवणीत काळवंडतो, त्यामुळे एकाच दिवसाचा रंग खोटं बोलतो.

यात घाबरण्यासारखं काही नाही. उपकरणं साधी आहेत, चुका ठरावीक आहेत. गुऱ्हाळावर दोन-तीन आदणं (एकेका काहिलीतला रस उकळून गूळ होईपर्यंत) उभं राहून बघा. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, काहिलीतला पाक पाण्यात टाकून गोळी बोटांत दाबतो, त्या क्षणी थर्मामीटर लावा. साधारण ११८ अंश दिसतील. काकवी मात्र १०५-१०६ ला उतरवतात.  प्रश्न विचारायला गुळव्यासारखा माणूस नाही. फक्त आदण उतरत असताना विचारू नका.

तिथे एक मजा कळते. गुळात नकोशी असलेली तीच फूट काकवीत हवी असते. सुक्रोज थोडं फुटलेलं असलं की काकवीत खडे धरत नाहीत, म्हणून किलोला ०.४ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालतात. त्यामुळे काकवीचा तक्ता गुळाच्या निकषांवर तपासला, तर चांगली काकवी नापास होते.

साखरेऐवजी स्टीव्हिया (गोड पानांची वनस्पती) वापरून बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिच्यातला गोड घटक रेबॉडिओसाइड ए साखरेच्या २०० ते ३०० पट गोड, म्हणजे साखर काढलेल्या सरबताचा ब्रिक्स जवळजवळ शून्यावर येतो आणि पेय पाणचट लागतं. गोडी जुळवली तरी जिभेवरचा दाटपणा जुळत नाही, शिवाय मागून कडवट चव रेंगाळते. चव-चाचणीत दोन कपांमध्ये किमान दोन मिनिटांचं अंतर ठेवा आणि तोंड धुवायला साधं कोमट पाणी द्या. नाहीतर दुसऱ्या कपाला पहिल्याचे गुण मिळतात.