पशुवैद्यकाचे मन आणि दवाखान्याचे वेळापत्रक

दिवसभराचे काम आटोपल्यावर पशुवैद्यकाच्या तोंडून ‘फार थकायला झाले’ एवढेच निघते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो, कारण या एका वाक्यात तीन निरनिराळी दुखणी मिसळलेली असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. पहिले दुखणे निव्वळ अतिश्रमाचे, म्हणजे लागोपाठच्या रात्रपाळ्यांचे आणि घास पोटात ढकलण्यापुरतीही उसंत न मिळण्याचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ साली मान्य झाली. तिच्यात ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केलेली आहे आणि तिचे मूळ कामाच्या जागी नीट न हाताळलेल्या, दीर्घकाळच्या ताणात असल्याचे म्हटले आहे. दुसरे दुखणे इतरांचे दुःख रोज अंगावर घेत राहिल्याचे. तिसरे, जे या पेशात मला सर्वांत खोल वाटते, ते काय करायला हवे हे ठाऊक असूनही ते करता न येण्याचे. त्याला नैतिक घुसमट म्हणू या.

यांपैकी आपले दुखणे कोणते, हे अंदाजाने ठरवू नये. दोन आठवडे एक छोटी वही जवळ बाळगावी आणि घरी निघण्यापूर्वी, दिवसभरातील कोणती केस मनातून जात नाही आणि का, एवढेच तीत लिहावे. नोंद अशी असू शकते: ‘मूत्रमार्ग तुंबलेला बोका, वय तीन वर्षे. नळी घालून दोन-तीन दिवस दाखल ठेवला असता तर बहुधा वाचला असता. मालकाला खर्च झेपला नाही. दयामरण.’ अशा नोंदी वारंवार दिसू लागल्या, तर सुट्टी घेऊन फारसा उपयोग होणार नाही, कारण सुट्टीहून परतल्यावर तोच बोका वेगळ्या रंगाचा होऊन टेबलावर येतो. उलट सगळ्या नोंदी जागरणाच्या आणि गर्दीच्या असतील, तर समुपदेशकाआधी ड्यूटीचा तक्ता दुरुस्त करायला हवा.

नैतिक घुसमटीवर उपाय करायचा, तर ती येण्याआधीच तिची वाट अडवावी लागते. उत्तर अमेरिकेतील ८८९ पशुवैद्यकांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितले होते, की मतभेद कसे हाताळावेत किंवा स्वतःची काळजी कशी घ्यावी याचे कोणतेही प्रशिक्षण आपल्याला मिळालेले नाही. ते मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. आपल्याकडे नेहमी येणारे दहा आजार निवडावेत आणि प्रत्येकासाठी उपचाराचे तीन टप्पे खर्चासह आधीच लिहून ठेवावेत: सर्व सोयींनी युक्त उपचार, मधला मार्ग, आणि पैसे अगदीच तोकडे असतील तर निदान वेदना कमी करणारा मार्ग. साधा उपचार म्हणजे हलका उपचार, ही समजूत शिकत असताना नकळत अंगी मुरते आणि पुढे आयुष्यभर अपराधीपणा देत राहते. म्हणून हे तिन्ही टप्पे ज्येष्ठ सहकाऱ्यांसोबत बसून ठरवावेत, म्हणजे तिसरा टप्पा निवडताना नव्या डॉक्टरला आपण काही चुकीचे करत आहोत असे वाटत नाही. खर्चाचा विषय तपासणीच्या सुरुवातीलाच काढावा. मालकाला आशा लावून शेवटी आकडा सांगितला, की तो चिडतो, आणि त्या चिडण्याचे धनी नेमके ज्यांना जनावर वाचवायचे होते तेच होतात. निरोगी जनावराला दयामरण द्या, अशी मागणी आली किंवा उपयोग नसताना उपचार लांबवा असा आग्रह झाला, तर काय करायचे, याचेही दवाखान्याचे लेखी धोरण असावे आणि नकार देण्याचा हक्क कनिष्ठ डॉक्टरलाही त्यात असावा.

दयामरणाच्या वेळा कशा लावल्या जातात, याकडे मी मुद्दाम बारकाईने पाहायला सांगतो. अकरा वीसला म्हाताऱ्या कुत्र्याला निरोप द्यायचा आणि साडेअकराला शेजारच्या खोलीत पिल्लाच्या पहिल्या लसीसाठी हसतमुखाने शिरायचे, हा पालट दिवसातून चार वेळा करणाऱ्याच्या आत काहीतरी साचतच जाते. दयामरणानंतरची पंधरा मिनिटे वेळापत्रकात रिकामी ठेवावीत. संमतीपत्रावरची सही आणि बिल हे दोन्ही आधीच उरकावेत, जेणेकरून रडणाऱ्या माणसापुढे पावती धरण्याची वेळ येणार नाही. काम झाल्यावर हात धुवावेत, पाणी प्यावे आणि मदतीला असलेल्या सहकाऱ्याला ‘ठीक आहेस ना?’ असे विचारून उत्तर येईपर्यंत थांबावे. एकाच डॉक्टरकडे अशा केस लागोपाठ जात असतील तर त्या वाटून घ्याव्यात. ‘तिला हे छान जमते’ ही शाबासकी पुष्कळदा शिक्षाच ठरते.

कामाबाहेरच्या वेळेविषयी थोडक्यात सांगायचे, तर आपला खासगी क्रमांक मालकांना देऊ नये, रात्रीच्या चौकशीसाठी दवाखान्याचा एकच फोन ठेवावा आणि तो पाळीपाळीने सांभाळावा. चूक झाली, म्हणजे उदाहरणार्थ औषधाच्या मात्रेतला दशांशचिन्हाचा टिंब सरकला, तर त्याच दिवशी संबंधितांनी एकत्र बसून ‘कोणामुळे’ ऐवजी ‘कशामुळे’ असे विचारावे. रात्रभर एकट्याने मनात घोळवलेली चूक सकाळी दुप्पट मोठी झालेली असते.

आता जो विषय सगळे टाळतात, तो. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातील मृत्यूंची तपासणी करणाऱ्या अभ्यासात असे आढळले, की आत्महत्येचे प्रमाण पुरुष पशुवैद्यकांत सर्वसामान्य लोकांच्या २.१ पट आणि स्त्री पशुवैद्यकांत ३.५ पट होते. म्हणून सहकारी अबोल झाला, सारखा ‘माझ्यावाचून काही अडत नाही’ असे म्हणू लागला, तर आडवळणाने न बोलता त्याला सरळ विचारावे, की जीव द्यावा असे विचार येतात का. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. पुष्कळदा बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल, तर त्याला एकटे सोडू नये, मानसोपचारतज्ज्ञापर्यंत सोबत जावे आणि तातडीचे वाटल्यास आपत्कालीन सेवेला बोलवावे. धोकादायक औषधांच्या कपाटाला दोन कुलुपे, दोन वेगळ्या व्यक्तींकडे किल्ल्या आणि दर वापराची दोन सह्यांची नोंद, ही व्यवस्था कोणावर संशय आहे म्हणून नव्हे, तर सर्वांसाठी कायमची असावी; वाईट क्षण टळून जायला लागणारा वेळ तिच्यामुळे मिळतो. ब्रिटनमध्ये ‘वेटलाइफ’ ही संस्था पशुवैद्यकांसाठी चोवीस तास मदतीचा फोन चालवते. आपल्या देशात असा जो क्रमांक उपलब्ध असेल, तो औषधांच्या कपाटाच्या दारावरच चिकटवावा.

मोठी रजा घेऊन सहकारी परत येतो तेव्हा त्याला पहिल्या आठवड्यात रात्रपाळी देऊ नये, दयामरणाच्या केस त्याने मागितल्याशिवाय त्याच्याकडे जाऊ नयेत आणि रजेचे कारण चहाच्या वेळी सर्वांसमोर विचारू नये. त्याचे टेबल, त्याचा स्टेथोस्कोप आणि त्याचे नेहमीचे पेशंट मात्र होते तिथेच ठेवावेत, आणि आठवडा संपल्यावर पुढचा तक्ता त्याच्यासोबत बसूनच लिहावा.