जुना कॉम्प्युटर सकाळी रखडतोय? आवरायला बसण्याआधीची तयारी

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत, राजारामपुरीतल्या कर सल्लागारांकडे चार जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असलेले कॉम्प्युटर अजून रोज राबतात. विंडोजबरोबर आपोआप उठणारे प्रोग्राम सकाळी एकदम डिस्कवर तुटून पडतात आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडायला ताटकळावं लागतं. मशीन भंगारात घालण्याआधी हे एकदा आवरून बघाच.

आधी दिवस ठरवा. दरमहा जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-3बी या रिटर्नची मुदत 20 तारखेची, तो आठवडा सोडा. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे काही बिघडलंच तर विंडोजच्या सेटिंग आधीसारख्या करता येतात. आणि त्या कॉम्प्युटरवर रोज बसणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. कुठला प्रोग्राम कशाला लागतो हे मालकापेक्षा त्यालाच पक्कं माहीत असतं.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' उघडा. विंडोज 7 असेल तर ही यादी एमएसकॉन्फिग (msconfig) या विंडोजच्याच सोयीत सापडेल. काहीही बदलण्याआधी मोबाइलवर यादीचा फोटो काढा. 'हाय इम्पॅक्ट' दिसलं म्हणून लगेच बंद करू नका. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर 3 एमबीहून जास्त वाचन-लेखन झालं, तरी विंडोज तो शिक्का मारतं. बघायचं ते एवढंच, की हा प्रोग्राम सकाळी पहिल्या मिनिटाला लागतो का?

स्पॉटिफाय, टीम्स, आयट्यून्स हेल्पर, विकून टाकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, हे बिनधास्त 'डिसेबल' करा. डिसेबल म्हणजे काढून टाकणं नव्हे, लागेल तेव्हा हातानं उघडता येतं. वनड्राइव्हवर फायली ठेवत असाल तर मात्र ते राहू द्या. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाचे प्रोग्रामही तसेच ठेवा.

खरी काळजी डिजिटल सहीच्या टोकनची, म्हणजे सहीचं सर्टिफिकेट असलेल्या यूएसबी कांडीची घ्या. त्याचा प्रोग्राम यादीत अनोळखी इंग्रजी नावानं बसलेला असतो, म्हणून फालतू समजून बंद केला जातो. मग टोकनचा दिवा लागतो, पण ऐन सहीच्या वेळी सर्टिफिकेट यादीत येत नाही. टेंडर भरणाऱ्यांनी तर टोकन लावून, सर्टिफिकेट दिसतंय हे तपासूनच उठावं. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचंही तसंच, एक ओळ टाइप करून बघा. 'सर्व्हिसेस'मध्ये, म्हणजे पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत हात घालू नका, टॅलीचं लायसन्स तिथून चालत असू शकतं.

एका वेळी दोन-तीनच बंद करा आणि 'शटडाउन' नव्हे, 'रिस्टार्ट' करून बघा. फास्ट स्टार्टअप ही विंडोज लवकर सुरू करण्याची सोय चालू असेल तर शटडाउननं विंडोज पूर्ण बंद होत नाही.

एवढं करूनही डिस्क बराच वेळ 100 टक्क्यांवरच अडकत असेल, तर एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, बसवून घ्या. जुनी डिस्क काढण्याआधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करायला, म्हणजे टॅलीतूनच ते त्या मशीनवरून सोडवून घ्यायला, तेवढं विसरू नका.