लेकरासाठी गाताना कुठे थांबावे

तान्ह्या लेकराशी गाण्यातून जवळीक साधण्यासाठी चांगला गळा लागत नाही, वाद्य लागत नाही आणि पाठांतरही फारसे लागत नाही. लागते ती एक सवय: ओळ म्हणून झाली की थांबायचे आणि लेकराच्या चेहऱ्याकडे पाहत त्याच्या उत्तराची वाट बघायची. मराठवाड्यात ओवी, पाळणा, भारूड यांची वाण कधीच नव्हती, पण मोबाइलवर गाणी लावून तो लेकरासमोर धरण्याची पद्धत आता वाड्या-तांड्यांपर्यंत पोहोचली आहे. मोबाइलमधले गाणे लेकरासाठी थांबत नाही. त्याने हुंकार दिला तरी ते पुढे जाते आणि त्याने तोंड फिरवले तरीही पुढेच जाते. एक वर्षाखालील मुलांना पडदा दाखवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

सुरुवात बाळंतपणाआधीच करता येते. गर्भातल्या बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज ऐकू येऊ लागतात आणि जन्मल्यानंतर ते आईचा आवाज इतरांच्या आवाजातून वेगळा ओळखते. म्हणून सातव्या महिन्यापासून रोज संध्याकाळी एकच ओवी किंवा एकच पाळणा संथपणे म्हणत जावा. पहिलटकरीण माहेरी जाते आणि बाळाचे वडील आपल्या गावी राहतात, त्यामुळे त्यांचा आवाज लेकराला नवखाच राहण्याची शक्यता असते. वडिलांनी एक गाणे ठरवून घ्यावे, भेटीला आल्यावर तेच म्हणावे आणि बारशानंतर घरी आणल्यावरही तेच पुढे चालवावे.

पहिल्या दोन महिन्यांत फार काही करू नये. नवजात बाळाला 20 ते 30 सेंटिमीटरवरचे, म्हणजे पाजताना आईचा चेहरा जितक्या अंतरावर असतो साधारण तितक्या अंतरावरचे, सर्वांत बरे दिसते. तेवढ्या अंतरावर चेहरा आणावा, डोळ्यांत पाहावे आणि दोन ओळी गुणगुणाव्यात. मान धरत नाही तोवर एक हात मानेखाली असलाच पाहिजे. तालावर उडवणे, झुलवणे किंवा हलवणे हे खेळ या वयाचे नव्हेत, आणि लेकराला जोराने गदगदा हलवणे तर कोणत्याही वयात जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे गाण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे न्हाणी. आजी पाय लांब करून बसते, लेकराला पायांवर घेते आणि तेल लावून हात चालवते, तेव्हा हाताची लय आधीच तयार असते. तिच्यावर शब्द बसवायचे तेवढे उरते. नमुन्यादाखल पुढील दोन ओळी पाहाव्यात, त्यांत आपल्या गावचे आणि नात्यातले शब्द घालून त्या बदलून घ्याव्यात.

गंगेचं आणलं पाणी, तापलं चुलीवरी
न्हाऊ घालते आजी, बाळ गं पायांवरी

गोदाकाठच्या गावांत गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा पहिली ओळ तिथे सहज रुळेल. बालाघाटाच्या डोंगराळ भागात विहिरीचे किंवा आडाचे पाणी म्हणावे. ‘चुलीवरी’ म्हणून झाल्यावर हात पोटावर स्थिर ठेवावा आणि मनातल्या मनात तीनपर्यंत मोजावे. लेकरू पाय झाडील, ओठ हलवील किंवा नुसते टक लावून बघेल. यांपैकी काहीही उत्तरच समजावे आणि मग दुसरी ओळ घ्यावी. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ‘अं’, ‘ऊं’ असे स्वर निघू लागले की आपणही तोच स्वर त्याच पट्टीत परत द्यावा. हा खेळ दिसायला काहीच नाही, तरी एकामागून एक बोलण्याची पाळी लेकरू यातूनच शिकते. पाणी अंगावर पडताच जे लेकरू रडते त्याच्यासाठी गाणे पाणी ओतण्याच्या आधी सुरू करावे. रडणे सुरू झाल्यावर मोठ्या आवाजात गाऊन ते दाबण्याचा प्रयत्न बहुधा फसतो.

चार महिन्यांनंतर लेकरू खदखदून हसू लागते आणि पुढे काय होणार याचा अंदाज बांधू लागते. बोटांच्या खेळांना येथून खरी गंमत येते. आपल्या शिवाराचाच एक खेळ करावा. लेकराचा तळहात उघडून करंगळीपासून एकेक बोट हळूच धरीत म्हणावे: ‘ही ज्वारी, ही तूर, हा हरभरा, ही करडई, आणि अंगठा बसला माळ्यावर राखणीला.’ मग आपली दोन बोटे ‘चिमणी आली टिपटिप, टिपटिप’ म्हणत मनगटापासून खांद्याकडे चालवावीत, काखेजवळ थांबावे, श्वास रोखल्यासारखा चेहरा करावा आणि लेकराची नजर आपल्या नजरेला भिडली की ‘हुर्र!’ करून चिमणी उडवून लावावी. सारा खेळ त्या थांबण्यात आहे. पहिले काही दिवस ‘हुर्र’ लवकर करावे, खेळ ओळखीचा झाला की थांबणे थोडे लांबवावे. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास लेकरू स्वतःच आधी अंग चोरते, हसते, कधी हात पुढे करून खेळ मागते. तेव्हा पाळी त्याला द्यावी, आणि त्याने ‘हु’ इतकेच म्हटले तरी चिमणी उडालीच पाहिजे.

याच सुमारास पदराआड लपून गाणे अर्धे सोडणे आणि पदर काढून ते पुरे करणे, टाळ्या वाजवणे, ताटलीवर चमच्याने ठेका धरणे हेही जमू लागते. आजोबा भजनी मंडळातले असतील तर त्यांनी मांडीवर घेऊन अभंगाच्या ठेक्यावर हळू हळू पाठ थोपटावी, मात्र टाळ किंवा झांज लेकराच्या कानाजवळ वाजवू नये. मिरवणुकीतील डीजे आणि हलगी यांच्यापासूनही त्याला दूरच ठेवावे. वाळ्यांचे घुंगरू किंवा खुळखुळ्याचे मणी सुटून तोंडात जाणार नाहीत ना, हे दर आठवड्याला ओढून तपासावे.

निजवण्याचे गाणे याच्या अगदी उलट असते. तिथे उत्सुकता नको, उत्तर नको. झोक्याच्या गतीने ओवी सुरू करावी, प्रत्येक फेरीला आवाज आणि गती उतरवीत जावे, मग शब्द गाळून नुसती चाल गुणगुणावी. रोज एकच चाल ठेवणे उत्तम. मोठ्यांना कंटाळा येतो, लेकराला येत नाही. झोळीत निजवल्यास त्याच्याजवळ कोणीतरी मोठे माणूस असावे आणि कापड तोंडावर येऊ देऊ नये.

घरात जी भाषा बोलली जाते तीतच गावे. तांड्यावरच्या आईने गोरमाटीत, नांदेड-परभणीच्या मोहल्ल्यातल्या आईने दखनीत गायल्याने मुलाच्या मराठीचे काही बिघडत नाही. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी तर गाणे हे बोचक्यात न मावणारे पण सोबत येणारे सामान आहे. फडात दिवसभर वेळ मिळत नाही हे उघड आहे. तरीही पाजण्याच्या वेळी आणि रात्री कोपीत घरचेच गाणे म्हणावे, आणि लेकरू ज्या थोरल्या बहिणीच्या हवाली असते तिलाही ते शिकवून ठेवावे. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच महिन्यांच्या बाळांना एक चाल आई-वडिलांच्या तोंडून ऐकवली होती. पुढे दोन अनोळखी माणसे गाताना दाखवल्यावर बाळे ती ओळखीची चाल गाणाऱ्याकडे अधिक वेळ बघत राहिली. तीच चाल खेळण्यातून ऐकलेल्या बाळांत असा कल दिसला नाही.

खेळ कधी थांबवावा हे लेकरू सांगते. तोंड फिरवणे, जांभया देणे, बोटे ताठ पसरणे, पाठीची कमान करणे, एकाएकी उचक्या लागणे या खुणा दिसल्या की गाणे सोडून नुसते जवळ घ्यावे. पोट भरल्या-भरल्या हसवण्याचे खेळ करू नयेत.

एवढे करूनही लेकरू मोठ्या आवाजाला दचकत नसेल, सहा महिन्यांपर्यंत आवाजाच्या दिशेने मान वळवत नसेल किंवा आधी काढत असलेले स्वर बंद झाले असतील, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून वाट पाहू नये. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून कानांची तपासणी करून घ्यावी. पुढील तपासणीसाठी हे पथक जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. कानात तेल घालून पाहण्याचा उपाय मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी करू नये.