ऑफिसचा मेल पाठवताना या चुका टाळा राजेहो

आधी सीसी (सगळ्यांना दिसणारी कॉपी) आणि बीसीसी (बाकीच्यांना न दिसणारी कॉपी) यांचंच घेऊ, कारण यात लोकं जेवढा घोळ घालतात तेवढा दुसऱ्या कशात घालत नाहीत. आमच्या बुटीबोरीच्या कंपनीत पर्चेसला एक नवीन पोरगा लागला. साहेब म्हणाले, पॅकिंगच्या बॉक्सचे कोटेशन मागव. पठ्ठ्याने एकच मेल लिहिला आणि झाडून सगळे सप्लायर सीसीत टाकून मोकळा, प्रत्येकाला वेगळा मेल कोण टाकत बसेल. हिंगण्याच्या एका सप्लायरने सवयीप्रमाणे रिप्लाय ऑल दाबलं, झालं, त्याचा रेट सगळ्यांच्या हातात. दुपारपर्यंत बाकीचे कोटेशन आले, सगळे त्याच रेटच्या आसपास, कोणी चाराणे वर कोणी चाराणे खाली. आता भाव करायचा कोणाशी? आणि पोरगा वरून म्हणतो, सर, मी रिकॉल केलं होतं ना! अरे बाप्पा, आउटलूकचं रिकॉल, म्हणजे पाठवलेला मेल परत ओढणं, आपल्याच कंपनीतल्या मेलबॉक्सपुरतं चालते, जीमेलवाल्याच्या इनबॉक्समधून काहीच उडत नाही.

सगळ्यांना एकच सूचना द्यायची असेल, म्हणजे दिवाळीच्या सुट्ट्या वगैरे, तर टू मध्ये स्वतःचा आयडी टाका आणि बाकी सगळे बीसीसीत, म्हणजे कोणी रिप्लाय ऑल केलं तरी बीसीसीतल्या बाकीच्यांना जात नाही. पण रेटचा विषय असला तर वेगवेगळेच मेल टाका, दहा मिनिटं जास्त लागतील, लागू द्या. माझी सवय अशी की समोरच्याचा आयडी सगळ्यात शेवटी भरायचा, आधी अटॅचमेंट, मग मजकूर, मग आयडी. अर्धवट मेल चुकून जातच नाही. जीमेलमध्ये अनडू सेंड, म्हणजे पाठवलेला मेल लगेच थांबवायची सोय, मुळात 5 सेकंदांचं असते, सेटिंगमध्ये जाऊन 30 करून घ्या, आजच.

सब्जेक्टमध्ये नुसतं 'अर्जंट' लिहू नका, काय अर्जंट आहे ते लिहा. आणि मागच्या वर्षीच्या मेलवर रिप्लाय मारून नवीन विषय काढू नका, नंतर शोधताना सापडत नाही.

25 एमबीच्या वरची फाईल जीमेल ड्राइव्हची लिंक करून पाठवते, तिथे ॲक्सेस द्यायचा राहिला की समोरच्याला फाईलऐवजी परवानगी मागायचं पान दिसते. इनकॉग्निटो विंडोत, म्हणजे जिथे आपलं लॉगिन नसते तिथे, ती लिंक उघडून पाहा. तिथे उघडली तर सावध व्हा, म्हणजे लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला फाईल दिसते. पगाराची शीट असली तर नावानेच ॲक्सेस द्या.

आता व्हॉट्सॲप. नवीन पोरांना मेल लिहायचा कंटाळा, सगळं व्हॉट्सॲपवर उरकून राहिले. बिलाचा फोटो साधा टाकला की तो दाबला जातो आणि जीएसटी नंबर वाचता येत नाही, मग अकाउंटवाले माझ्या नावाने ओरडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा ना भाऊ, तेवढंच बटण जास्त दाबावं लागते. नुसतं 'हाय सर' टाकून वाट पाहत बसणाऱ्यांना तर मी उत्तरच देत नाही, काम काय ते त्याच मेसेजमध्ये सांगा.

सगळ्यात वैताग व्हॉइस नोटचा. वर्धा रोडवर गाडी चालवता चालवता साहेब लोकं तीन मिनिटांची नोट सोडतात, मागे ट्रकचा हॉर्न, मधेच "हां, थांब जरा", आणि 'पाचशे नग' म्हणाले की 'पाच-सहाशे' ते कळत नाही. मी ऐकतो आणि लगेच दोन ओळींचा मेल टाकतो: सर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे 500 नग, शुक्रवारी डिस्पॅच, बदल असल्यास आज पाचपर्यंत कळवा. साहेब चिडतात कधीकधी, म्हणतात एवढ्याशासाठी मेल कशाला? चिडू द्या. माल गेल्यावर आकड्यावरून वाद निघाला की पहिले तोच मेल मागतात.