गाडीचं सस्पेन्शन कुरकुरतंय? या चुका टाळा

पाऊस गेला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक मोसम सुरू होतो. जून ते सप्टेंबर गप्प बसलेल्या गाड्या ऑक्टोबरच्या उन्हात बोलायला लागतात. गेटजवळच्या स्पीड ब्रेकरवरून एकेक गाडी ‘कुईंऽऽ’ करत उतरते आणि संध्याकाळी कुणीतरी दारात हजर असतं. "शॉकअप गेले वाटतं. कुठल्या कंपनीचे टाकू?" अरे बाबा, गाडीखाली वाकून तरी बघितलंस का?

सगळ्यात महागडी चूक ती हीच. आवाज कुठून येतोय ते कळण्याआधी पार्ट आणायचा.

शॉकअप (खड्ड्यानंतरची उसळी जिरवणारा तेलाचा दट्ट्या) जातो तेव्हा बहुतेक वेळा तेल गळतं, खड्डा गेल्यावरही गाडी डुलत राहते, टायर ठिकठिकाणी खाल्ला जातो. नुसती कुरकुर ऐकून शॉकअपवर खापर फोडायचं कारण नाही. कुरकुर म्हणजे कुठेतरी कोरडं रबर नाहीतर पत्रा घासतोय. ठकठक म्हणजे कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलेपणा आलाय, बहुधा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीला कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडला किंवा बॉल जॉइंटला (चाकाजवळच्या गोळ्याच्या सांध्याला). गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि पुढून ‘टण्ण’ झालं, तर शॉकअपच्या वरच्या माउंटचं बेअरिंग जाम झालेलं असू शकतं, किंवा कॉइल स्प्रिंगचं खालचं टोक गंजून तुटलेलं. आणि वळणावर चालत्या गाडीत टक-टक-टक येत असेल तर ते बहुधा सस्पेन्शन नाहीच, ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्याचा) जॉइंट आहे. एवढं कानाने वेगळं करता आलं तरी निम्मं काम झालं.

बी विंगमधल्या काकांचा किस्सा मी प्रत्येकाला ऐकवतो. त्यांच्या हॅचबॅकला मागून डाव्या बाजूने कुरकुर यायची. एका गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली, दोन मिनिटं खालून बघितलं आणि मागचे दोन्ही शॉकअप बदलून दिले. आवाज तसाच. मग त्याने सांगितलं, मागच्या अ‍ॅक्सलचे बुश (सांध्यातली रबरं) गेलेत, तेही बदलू. काकांनी तेही बदलून घेतले. आवाज तसाच! तिसऱ्या फेरीत जेव्हा गॅरेजवाला स्प्रिंगवर आला, तेव्हा काका माझ्याकडे आले.

मी गाडीखाली गेलोच नाही. रेडिओ बंद, एसी बंद, मी मागच्या सीटवर आणि काका गेटच्या स्पीड ब्रेकरवरून पुढे-मागे. वॉचमन बघत राहिला. सीटच्या पाठीला खांदा लावून जोरात रेटलं की कुरकुर गायब, सोडलं की परत. डिकी उघडून सीट दुमडली. सीटची पाठ जिथे अडकते त्या लोखंडी कडीवरचा रंग एका बाजूने घासून चकचकीत झाला होता. कापडी टेपचे दोन वेढे मारले आणि संपलं. काका म्हणाले, "असू दे, शॉकअप तसेही जुनेच झाले होते." पैसे गेले की माणूस असंच काहीतरी स्वतःला समजावतो.

म्हणून माझा नेम ठरलेला आहे. आधी डिकी रिकामी करायची. जॅक, टॉमी, स्टेपनी, पाण्याचे कॅन, गणपतीच्या मखराचे उरलेले थर्माकोल, सगळं बाहेर. मग सीटबेल्टची बकलं, हेडरेस्ट, पार्सल ट्रे, दाराची रबरं. सायलेन्सर ज्या रबरांवर टांगलेला असतो ती हलवून बघायची. एवढं झाल्यावरच खाली वाकायचं. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना पाना हातात घ्यायची घाई असते.

आता माझ्या डोक्यात जाणारी दुसरी गोष्ट: स्प्रे मारणं.

व्हिडिओ बघून लोक गंज सोडवायचा स्प्रे आणतात आणि चाकाच्या आतल्या बाजूला दिसेल त्यावर फवारतात. घटकाभर आवाज जातो, मग दुप्पट जोमाने येतो. पेट्रोलियम तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं, म्हणजे जो बुश अजून काही वर्षं चालला असता त्यालाही तुम्ही घाईने निरोप देता. त्यावर धूळ चिकटते ती वेगळीच. आमच्याकडच्या एका कॉलेजच्या पोराने तर चाक न काढताच आरपार स्प्रे मारला होता. तो ब्रेकच्या डिस्कवर उडाला आणि हा गडी तसाच एलबीएस मार्गाला लागला. पहिल्याच सिग्नलला ब्रेक पकडेना. पुढे रिक्षा होती. थोडक्यात वाचला. पॅड तेल प्यायले होते, नवे घ्यावे लागले. आणि सस्पेन्शनची कुरकुर? ती होतीच.

"पण आमचे वडील ग्रीस मारायचे," असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात. मारायचेच. पद्मिनीचा जमाना होता, मागे पाट्यांची स्प्रिंग होती, पाटा पाट्यावर घासायचा, पुढे ग्रीस गन लावायला निपल असायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आजच्या लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशमध्ये रबर लोखंडी नळीला कायमचं चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली झाला की ते रबर आतल्या आत पिळलं जातं, सरकत नाही. जे सरकतच नाही त्याला वंगण कसलं घालता? ते ओरडायला लागलं म्हणजे रबर फाटलंय किंवा सुटलंय, बदलायचंच. अपवाद स्टॅबिलायझर बारचे बुश. बऱ्याच गाड्यांत बार त्यांच्या आत फिरतो, आणि कुरकुर करण्यात हेच सगळ्यात पुढे असतात. ब्रॅकेटचे बोल्ट खोलून, कचरा पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवले तर महिनोन् महिने गप्प राहतात. सिलिकॉनचंच ग्रीस. घरातलं पिवळं ग्रीस नको, खोबरेल तेल तर नकोच.

मग नेमका कुठला बुश ते कसं ओळखायचं? पाण्याने. पावसाळ्यात आवाज जातो तो याचमुळे. रबर ओलं असतं. गाडी दुरुस्त झाली म्हणून त्या चार महिन्यांत खूश होणारे लोक मी दरवर्षी बघतो. सॉसची टोकदार तोंडाची रिकामी बाटली घ्या, पाणी भरा. एकाला गाडीचा कोपरा दाबून हलवायला सांगा. मडगार्डच्या कडेवर दाबायचं, बोनेटच्या मधोमध नाही, पत्रा चेपतो. आवाज सुरू झाला की एकाच बुशवर पाणी सोडा. थांबला? सापडला. नाही थांबला? पुढच्या बुशवर जा. घाईघाईत सगळीकडे एकदम पाणी मारलंत तर काहीच कळणार नाही, सुकेपर्यंत बसून राहावं लागेल. कधी पाण्यानेही उलगडत नाही. तेव्हा मी बाहेरूनच लिंक रॉडवर आणि आर्मवर हलकी बोटं टेकवतो. जिथून आवाज निघतो तिथे करकर बोटांना लागते, अगदी दात घासताना हिरडीला ब्रशची थरथर जाणवावी तशी. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये मात्र बोट घालायचं नाही. गाडी हलवणारा माणूस तुमच्या बोटाचा विचार करत नसतो.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. पेव्हर ब्लॉकवर तर तो तिरका होतोच. जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवून ठेवायचे पक्के स्टँड) नसतील तर चाकं जमिनीवर ठेवून जेवढं दिसतं तेवढंच बघा.

शॉकअपच्या वरचा मधला नट घरी खोलू नका. त्या नटाने दाबलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते. ती सुटली तर दवाखान्यात जायची वेळही यायची नाही. इथे हौस आवरा.

कोपरा दाबून गाडी एकदाच वर आली म्हणजे शॉकअप ठणठणीत, हेही खरं नाही. त्या परीक्षेत पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, अर्धमेला सापडत नाही.

एका बाजूचा शॉकअप बदलून दुसरा तसाच ठेवू नका. पैसे वाचवायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून वापरलेले बुश तर अजिबात आणू नका. दरवाजा आणा, आरसा आणा, पण जुनं रबर विकत घेण्यात काय हशील?

एक चूक गॅरेजमध्येही होते, म्हणून जरा सविस्तर. नवा लोअर आर्म किंवा बुश बसवताना गाडी वर असते, चाक लोंबकळत असतं. त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण कसला की रबर त्या लोंबकळत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग "नवा पार्ट डुप्लिकेट निघाला" म्हणून ओरडा. बोल्ट आधी नुसता बेताचा लावायचा, चाकांवर गाडीचं वजन आलं की मगच शेवटचा कस द्यायचा. मी गॅरेजमध्ये उभा राहून विचारतो, "शेवटचा कस कधी देणार?" मिस्त्री वैतागतो. वैतागू दे. आणि लोअर आर्मचं काम झालं की व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायरच्या कडा खाल्ल्या जातील.

शेवटी बॉल जॉइंट. चाक उचलून वरून-खालून धरा आणि आत-बाहेर हलवा. खडखड लागली तर प्ले बॉल जॉइंटला असेल नाहीतर व्हील बेअरिंगला. आडवं धरून हलवल्यावर लागली तर बहुधा टाय रॉड एंडला (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याला). कुरकुरणाऱ्या सीटसोबत वर्षं काढता येतात, पण सैल बॉल जॉइंट सुटला तर चाक खाली दुमडतं. तिथे प्ले सापडला तर गाडी आहे तिथेच ठेवा आणि टो करून न्या, रविवारी लोणावळ्याचा बेत ठरलेला असला तरी.