जुन्या सरकारी दवाखान्याची दुरुस्ती: आधी उतारा, मग निधी

खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांत जुन्या दवाखान्यांची फाइल पैशापेक्षा कागदासाठी जास्त अडते. म्हणून सुरुवात जागेच्या उताऱ्यापासून करा. गावकऱ्यांनी जागा दान दिली, दवाखाना उभा राहिला, पण नोंद झालीच नाही, हे आपल्याकडं नवीन नाही. उताऱ्यातला 9 नंबरचा रकाना बघा. तिथं आरोग्य खात्याऐवजी मूळ मालकाचं नाव असेल, तर दानपत्र शोधून तहसीलदार कचेरीत नोंद बदलून घ्या. मालक हयात असेल तर काम सोपं. वारस चार गावांत पांगले की वर्ष गेलंच म्हणून समजा.

इमारत तपासायची ती जुलै-ऑगस्टमध्ये. गळतीचे फोटो तारखेसह काढा, कारण डिसेंबरात कोरडं छत बघून कुणालाच काही पटत नाही. स्लॅबला खालून हातोडी मारा. भद्द आवाज आला तर काँक्रीट सुटलंय. चार-पाच ठिकाणी फूटभर चौकोनात प्लास्टर काढून सळई उघडी करायला लावा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन शिंपडल्यावर ते गुलाबी झालं तर ठीक. सळईपर्यंत रंगच आला नाही, तर गंज रोखण्याची काँक्रीटची ताकद संपली आहे. या तपासणीचा कंटाळा केला की काम सुरू झाल्यावर जादा आयटम निघतात, पैसे कमी पडतात आणि सुधारित मंजुरी येईपर्यंत वॉर्ड उघडा पडतो.

गळतीवर आपल्याकडचा लाडका इलाज म्हणजे जुन्या कोब्यावर, म्हणजे गच्चीवरच्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरावर, नवा कोबा. चार इंच ब्रिकबॅट कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे 200 किलो वजन. गंजलेल्या स्लॅबवर ते चढवणं म्हणजे गळती थांबवायला जाऊन छत खाली आणणं. अंदाजपत्रकात ‘जुना कोबा काढणे’ हा आयटम वेगळा आहे का ते बघा. 18 टक्के जीएसटी, 1 टक्का कामगार उपकर आणि रुग्ण दुसरीकडं हलवायचा खर्चही धरलेला असावा. शेवटचा हमखास विसरतात. दुरुस्ती नव्या बांधकामाच्या निम्म्या खर्चावर गेली, तर आमच्या मते सरळ नवी इमारत मागावी.

सगळा आकडा एकाच दारात मागू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला मिळणारे 1.75 लाख आरोग्य रक्षा समितीच्या ठरावानं पन्हळ, नळ, वायरिंगसाठी वापरता येतात. स्लॅबला ते पुरत नाहीत. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक या मोफत उपचार योजनेतून दवाखान्याला येणारे दाव्यांचे पैसे किती थकलेत, तेही समितीत विचारा. खासदार निधी वर्षाला 5 कोटी, आमदार निधी 2 कोटी, पण तो अख्ख्या मतदारसंघाचा. त्यातून एखादी खोली किंवा रुग्णवाहिका मागा. साखर कारखाना सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या, कक्षेत येत असेल, तर रोख न मागता ‘ऑपरेशन थिएटरचं वायरिंग आणि अर्थिंग’ असं नेमकं काम अंदाजपत्रकासह पुढं ठेवा. कल्याण कर्नाटक मंडळाकडं अर्ज करण्यात वेळ घालवू नका. बेळगाव जिल्हा त्यात येत नाही. पूर्ण पुनर्बांधणी मात्र राज्याच्या अर्थसंकल्पातूनच होते. तो मार्चच्या आसपास मांडला जातो, तेव्हा प्रस्ताव त्याआधी काही महिने बेंगळूरला पोचलेला हवा. हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरलं की मंत्री दारातच असतात, तेव्हा निवेदन तयार ठेवा. अर्ज कन्नडमध्ये, सोबत मराठी प्रत. नुसता मराठी अर्ज भाषांतराच्या नावाखाली पडून राहतो.

निविदा ऑक्टोबरपर्यंत निघाली तर पाऊस ओसरल्यावर काम सुरू होतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मे अखेरीनंतर गच्चीवर हात घालता येत नाही, आणि 31 मार्चला न खर्चलेली तरतूद परत जाण्याचा धोका वेगळाच. शेवटचं बिल निघण्याआधी गच्चीची पाणी जाण्याची भोकं बंद करून दोन इंच पाणी 48 तास साठवायला लावा. खालून ओल कुठं दिसते, त्यावर खडूनं गोल करा आणि कंत्राटदाराला दाखवूनच सही करा.