फौजी कुटुंबासाठी सांगलीत घर बघताना

ह्यांची फिल्डची, म्हणजे जिथं कुटुंबाला नेता येत नाही अशा ठिकाणची, ऑर्डर आली, आणि मुलांच्या शाळेसाठी तुम्ही सांगली-मिरजेत भाड्याचं घर बघताय, असं धरून लिहितेय. घर बघायला दोघं जाल, पण राहणार तुम्ही एकट्या, लेकरं आणि कदाचित सासू-सासरे. म्हणून घरमालकाला, शेजाऱ्यांना, रिक्षावाल्याला जे विचाराल ते ‘हे इथं नसताना’ असं मनात धरूनच विचारा. खोल्या किती आणि बाल्कनी कुठल्या बाजूला, हे नंतर.

सगळ्यात आधी कृष्णा नदी. २००५, २०१९ आणि २०२१ ही महापुराची तीन सालं सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ आहेत. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ला धोका. २०१९ला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. बाहेरून आलेल्या माणसाला एक गोष्ट पटकन ध्यानात येत नाही. इथं ऊन पडलेलं असतं, तरी वर कोयनेच्या भागात पाऊस लागलेला असला की पाणी चढत राहतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड हे भाग आधी पाण्याखाली जातात. तिथं भाडं कमी सांगतील. घेऊ नका. शामरावनगरचं दुखणं निराळं. काळी माती आणि सखल जागा, त्यामुळं पावसाचं पाणीच साचून राहतं.

‘पूर येतो का?’ असं विचारलं तर एजंट ‘नाही ताई’ म्हणूनच सांगणार. ‘आयर्विनला किती फूट झालं की या गल्लीत पाणी येतं?’ असं विचारा, आणि एजंटाला नको, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. जुनी माणसं फुटाचा आकडाच सांगतात. आम्ही एक घर जवळजवळ पक्कं केलं होतं. नवा रंग, स्वच्छ फरशी, भाडंही बेताचं. मी सहज मागं मोरीकडं गेले, तर कंपाउंडच्या भिंतीवर मातकट रेघ एका सरळीत पार कोपऱ्यापर्यंत गेलेली. शेजारच्या आजी धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी काही न बोलता स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘हितवर.’ मला रात्री दोन वाजता सासऱ्यांना आणि दोन पोरांना घेऊन बाहेर पडलेली मी दिसले. ते घर आम्ही सोडलं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर विश्रामबाग, विजयनगर, वानलेसवाडी या पट्ट्यात बघा. भाडं जास्त पडतं. त्यासाठी एक खोली कमी चालेल, सोफा नसला तरी चालेल. बदलीच्या सामानाच्या काळ्या पेट्यांवर गादी टाकून आपण किती वर्षं काढलीच आहेत. हा पट्टा सांगली आणि मिरजेच्या मधे आहे, त्यामुळं सिटी बस आणि रिक्षा दोन्हीकडं मिळतात. ह्यांना सुट्टीवर येताना मिरज जंक्शन सोयीचं. निजामुद्दीनहून निघणारी गोवा एक्स्प्रेस थेट मिरजेला येते.

दवाखान्याच्या बाबतीत मिरजेसारखं गाव नाही. वानलेस हॉस्पिटल १८९४ सालचं आहे, शिवाय सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालयही आहे. मात्र मिलिटरी हॉस्पिटल बेळगावला. मोठा इलाज तिथं करायचा असेल तर मिरजेहून रेल्वे आहे, पण आजारी माणूस घेऊन जाण्याचा तो दिवस कसा जाईल याचा विचार आधी करा. डिपेंडंट कार्डं (फौजीवर अवलंबून असलेल्यांची ओळखपत्रं) आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत, हाताशी ठेवा. सासरे स्वतः माजी सैनिक असतील तर त्यांचं ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड वेगळं, ते विसरू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पहिल्याच आठवड्यात जाऊन या. ओळख झालेली बरी.

शाळेसाठी दाखला मूळ प्रतीत हवा, आणि झेरॉक्सचे चार संच काढून ठेवा. मुलं जोधपूर-भटिंड्याकडं शिकली असतील तर मराठीची तयारी आत्तापासून घ्या. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. माझ्या मुलीला बोलता येत होतं, पण ‘ळ’ लिहिताना ती रडायची. घरात रोज पाच ओळी, एवढंच केलं.

भाडेकरार अकरा महिन्यांचा करतात. त्याच्या नोंदणीला करार करणाऱ्याचा अंगठा आणि फोटो लागतो. एजंट मशीन घेऊन घरी येतो. करार ह्यांच्या नावानं असेल तर तो सुट्टी संपायच्या आत उरका, नाहीतर सरळ तुमच्या नावानं करा. गॅस, बँक, शाळा सगळीकडं हाच कागद मागतात, म्हणून मी तर बाईच्याच नावानं करा म्हणेन. बदली झाली तर महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल आणि डिपॉझिट परत मिळेल, हे वाक्य करारात लिहूनच घ्या. आम्ही तोंडी शब्दावर राहिलो होतो. डिपॉझिटचे निम्मे पैसे गेले.

टोकन द्यायच्या आधी संध्याकाळी सातनंतर एकदा त्या घरात परत जा. गल्लीतले दिवे लागतात का, नळाला पाणी कधी येतं, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते बघा. मग आतल्या खोलीत, दार लावून, ह्यांना व्हिडिओ कॉल लावा. पुढं आठवड्यातून एकदा, कधीतरी अवेळी, फोन तिथून येणार आहे आणि लेकरं त्या वेळी झोपलेली असतील. आतल्या खोलीत आवाज तुटत असेल तर दुसरं घर बघा.